डावा शॉकप

आज सकाळी न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली गोठली. सुनेनं ती उचलून खिडकीत उन्हाला ठेवली आणि म्हणाली, "आबा, यंदा थंडी लवकर आली बरं का. बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही." मी नुसती मान हलवली आणि खुर्ची उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. थोड्या वेळानं ऊन चढणार, तेल कडेकडेनं सुटायला लागणार आणि वास घरभर होणार. माझ्या डोक्याला गेली कित्येक वर्षं करडईचं तेल लागतं. घरात तो म्हाताऱ्याचा हट्ट समजतात. समजू देत. हट्टी म्हणवून घेणं परवडतं. खरं कारण सांगायला बसलो तर ही मंडळी मला डॉक्टरकडे घेऊन जातील.

थंडीत शिरूरला घोड नदीवरून धुकं उठतं. त्या काळी गावाच्या या टोकाला पहिलं घर माझ्या गॅरेजाचं, त्यामुळे धुकं आधी माझ्याकडे यायचं आणि मग बाकीच्यांकडे. धुक्यात आवाज जवळ येतात आणि माणसं लांब जातात. पलीकडच्या ज्वारीत कुणी खोकलं तर वाटायचं, पाठीशीच उभं आहे. त्या एका थंडीत मी जितक्या वेळा मागं वळून पाहिलं तितकं उभ्या जन्मात पाहिलं नसेल. साठ सालाच्या पुढंमागं असेल. साल नीट आठवत नाही. थंडी आठवते, हाताला चिकटणारे गार पाने आठवतात आणि शांतवन मास्तरांची काळी मोटारसायकल आठवते.

गॅरेज म्हणजे काय, चार खांब, वर पत्रे, मागं एक बाभळ. मी काम शिकलो दौंडला, रेल्वेच्या माणसांच्या हाताखाली, शिव्या खात. शिरूरला येऊन दुकान मांडलं तेव्हा साऱ्या तालुक्यात मोटारसायकली असतील दहा-बारा. प्रत्येकीचा खोकला मला ओळखीचा होता. मास्तरांची गाडी इंग्लिश बनावटीची. कुणी गोरा साहेब मायदेशी जाताना मिशनला देऊन गेलेला. टाकीवरचं नाव घासून घासून गेलं होतं. मास्तर मिशनच्या खेड्यातल्या शाळा तपासायचे. आज कवठे येमाई, उद्या पार तिकडे सोलापूर रस्त्याला भांडगाव. रस्ते असे की गाडीपेक्षा बैल बरा, पण मास्तरांचा गाडीवर जीव.

त्या गाडीला मागं दोन शॉकॲब्सॉर्बर होते, डावा आणि उजवा. हे नाव आमच्याकडं कुणी पुरं उच्चारत नसे. शॉकप म्हटलं की झालं. बाहेरून दिसते ती स्प्रिंग, म्हणून लोकांना वाटतं की धक्का स्प्रिंग खाते. स्प्रिंग काही खात नाही, ती नुसती उडते. तिला आवरतं ते पोटातलं तेल. तेलाला बारीक भोकातून इकडून तिकडे जायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात धक्का जिरतो. माझी पारख साधी होती. सीट दोन्ही हातांनी दाबायची, सोडायची आणि मोजायचं. एका दमात वर येऊन बसली तर शॉकप धड आहे. चेंडूसारखी उसळत राहिली तर तेल गेलंय. आणि वर यायलाच तयार नसेल तर आत काहीतरी भलतंच आहे. हे तिसरं मी तोवर फक्त ऐकून होतो.

मास्तरांच्या मागं बसायच्या त्यांच्या मंडळी, करुणाबाई. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर, खेडोपाडी जाऊन बाळंतपणं करायच्या. डाव्या अंगाला दोन्ही पाय सोडून बसायच्या, मांडीवर औषधांची पत्र्याची पेटी. या जोडप्याची उतरायची एक तऱ्हा होती. सगळं जग मागच्याला आधी उतरवतं. हे उलटं. मास्तर टांग पुढून, टाकीवरून काढून आधी उतरायचे, हँडल धरून उभे राहायचे, बाईंच्या हातातली पेटी घ्यायचे आणि मग बाई सावकाश उतरायच्या. पेटीत काचेच्या बाटल्या, ती घेऊन उडी कशी मारणार? त्या उतरल्या की सीट हळूच वर यायची. पोरं हसायची. मीही एकदा म्हणालो, "मास्तर, सर्कशीत जा तुम्ही." बाई म्हणाल्या, "यांना सर्कशीत घेतील, पण मला कोण नेईल?"

श्रावणातल्या एका दुपारी दोघं माझ्याकडे आले. पाऊस लागलेला होता. डावा शॉकप गळून कोरडा पडलेला, सीट दाबली तर चारदा नाचली. मास्तर म्हणाले, काय ते लवकर करा, कवठ्यात एक बाई अडलीय, निघायचंय. आणि ते दवाखान्यात राहिलेला उकळलेल्या हत्यारांचा डबा आणायला गेले. आता शॉकपचं औषध करायचं तर आधी त्याची जात कळायला हवी. काही शॉकप खोलता येतात, काही कायमचे बंद. आणि खोलायचा असला तरी आतलं रबरी सील कोणत्या मापाचं हे नंबरावरून कळणार. नंबर चिखलाखाली, चिखलाखाली रंग, रंगाखाली गंज. मी घासत बसलो. मला इंग्रजी आकडे कळायचे, पण अक्षरांशी वाकडं. बाई पदर खोचून शेजारी वाकल्या, म्हणाल्या, "कागद आहे? पेन्सिल?" कागद नळीवर गुंडाळून त्यांनी वरून पेन्सिल आडवी घासली, आणि पांढऱ्या कागदावर सगळा नंबर उमटला. दवाखान्यात पुसट लेबलं अशीच वाचतात म्हणे. तो कागद मी पुण्याच्या दुकानदाराला पत्रात घालून पाठवला. नशीब एवढंच की शॉकप खोलता येणारा निघाला. तेव्हापुरतं जुन्याच सीलला दोरा गुंडाळून मी तो बंद केला आणि त्यांना वाटेला लावलं. त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली, ती पुढं येईल.

कवठ्याची बाई सुटली, मुलगी झाली. करुणाबाई मात्र भिजून परत आल्या आणि तापानं अंथरुणाला खिळल्या. आठवडा भरायच्या आत गेल्या. मी मिशनच्या कब्रस्तानापर्यंत गेलो आणि फाटकापाशी टोपी काढून उभा राहिलो. आत जावं की नाही ते कळेना. मास्तरांनी गाडी पडवीत लावून टाकली. दिवाळीपर्यंत तिच्यावर पोतं पडलेलं होतं.

मग थंडी पडली, ज्वारी हुरड्यात आली आणि एका सकाळी धुक्यातून ती गाडी माझ्या दारात येऊन उभी राहिली. मास्तरांनी टांग पुढून काढली. मागं कुणी नसतानाही पुढूनच. उतरले, हँडल धरलं आणि मला म्हणाले, "मिस्त्री, बोलू नका. सीटकडे बघा."

मी बघितलं. मास्तर खाली उभे होते, गाडीवर कुणी नव्हतं, आणि सीट खालीच दबलेली होती. मी मनात मोजू लागलो, सवयच ती. एक. दोन. तीन. चार. पाच. सहाला सीट हलली आणि सावकाश, अगदी सावकाश वर आली. आतून हलकासा श्वास सोडल्याचा आवाज आला.

"आता उतरली," मास्तर म्हणाले.

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, हे कबूल करायला मला लाज नाही. हातातला पाना खाली ठेवला.

"कवापासनं हाय हे?" मी विचारलं.

"गाडी काढली तेव्हापासून. सकाळचं असं. मी उतरतो आणि ती माझ्यामागून उतरते. जशी उतरायची तशीच." मास्तर शांतपणे सांगत होते, शाळेचा अहवाल द्यावा तसं. "दुपारी ऊन चढलं की असं होत नाही. पण तेव्हा वास येतो. डाव्या बाजूनं, मागून. तिच्या केसांचा."

मी डाव्या शॉकपकडे बघितलं.

"पाद्रीसाहेबांना सांगितलं तर ते म्हणतील माझा विश्वास डळमळला. गावात सांगितलं तर देवऋषी आणतील, लिंबं कापतील. आम्ही ख्रिस्ती माणसं, आम्हाला भुतं नसतात, मिस्त्री. सांगू कुणाला? तुम्ही निदान गाडी ओळखता."

आता तुम्हाला खरं सांगतो. वास म्हटल्याबरोबर मला सगळं कळलं होतं. श्रावणातल्या त्या दुपारी मी शॉकप खोलला, पुसला, दोरा गुंडाळला आणि तेलाचा डबा उघडला तर पागोळीचं पाणी आत शिरून त्याचं ताक झालेलं. इंजिनाचं तेल जाड, ते त्या बारीक भोकांतून सरकायचं नाही. मी हात चोळत बसलो. करुणाबाईंनी पेटी उघडली, आतून खोबरेल तेलाची बाटली काढली. नव्या बाळाला चोळायला आणि स्वतःच्या केसांना एकच बाटली. "हे तेलच आहे ना?" म्हणाल्या. मी बोटांत घासून बघितलं. पातळपणा बेताचा होता. आठवडाभर चालेल, तेवढ्यात पुण्याचं सील येईल, मग धुऊन नीट भरू, असं म्हणून मी त्यांच्या हातची ती बाटली डाव्या शॉकपात रिकामी केली. पावसाळ्यात खोबरेल तेल पाण्यासारखं वाहतं. थंडीत त्याचं काय होतं हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं असं नाही. मी तेव्हा थंडीचा विचार केला नाही.

म्हणजे भूत मी भरलं होतं. माझ्या हातानं, बाटलीनं. सकाळी तेल थिजायचं आणि दबलेल्या सीटला वर यायला सहा अंक लागायचे. दुपारी ते वितळून दोऱ्यातून पाझरायचं आणि वास मारायचा. एवढं साधं. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मास्तर हँडल धरून उभे होते आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी बाईंच्या मातीनंतर पहिल्यांदा बघत होतो. ते भ्यायलेले होते, आणि सुखातही होते. मी म्हटलं, "सील आल्यावर बघू, मास्तर." सील तर कधीच आलं होतं. माझ्या फळीवर पुडीत पडलं होतं.

का बोललो नाही? बाईंनी मला एक गोष्ट बजावली होती, हे एक. दुसरं म्हणजे मी कच्चं काम केलं होतं आणि ते कबूल करायला जीभ उचलेना. आणि तिसरं, त्यांची बाई दुसऱ्यांदा हिरावून घ्यायची ती मीच का घ्यावी? या तिन्हींपैकी खरं कोणतं हे मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर रोज पहाटे रस्त्यावरून गाडीचा आवाज आला की मी अंथरुणात मोजायला लागायचो.

आठ-दहा दिवसांनी मास्तर कासुर्डीजवळच्या एका मोरीवर पडले. थंडगार सकाळ, मागचा शॉकप दगडासारखा ताठ. चाक खड्ड्यात गेलं ते रस्ता सोडून उडालं आणि परत टेकलं ते आडवंच. गळ्याजवळचं हाड मोडलं. आणखी वीतभर पुढं पडले असते तर खाली कातळ होता. कुणाच्या तरी ट्रकमधून गाडी माझ्याकडे आली आणि तिच्यामागून हात गळ्यात बांधलेले मास्तर.

"उघडा," ते म्हणाले. "शाळा सोडून घरी बसता येणार नाही मला. पण एक वचन द्या. आत जे निघेल ते मला सांगायचं. काहीही असो. आणि काहीच नसलं तर तेही सांगायचं."

मी मान डोलावली. मास्तरांना मीच पाडलं होतं आणि ते माझ्याकडून वचन मागत होते.

आत खालीवर सरकणाऱ्या दांड्याला ओरखडे पडले असतील तर ते काम माझ्या दुकानात होण्यातलं नव्हतं. दौंडला अंतोनमामा होते, रेल्वेतले जुने टर्नर, घरामागं लोखंड कातायचा स्वतःचा लेथ. दुसऱ्या दिवशी फटफटताना मी तीच गाडी घेऊन निघालो. ट्रकनं पाठवता आली असती. पण मला वाटलं, जे माझं आहे त्यावर मीच बसावं.

असं धुकं मी पुन्हा पाहिलं नाही. पुढच्या दिव्याचा उजेड हातभर जाऊन परत यायचा. दोन्ही बाजूंना ज्वारी, माणसापेक्षा उंच, कणसं खाली वाकलेली. गाडी ताठ होती, हाडं खिळखिळी करत होती. आणि तरीही मला सारखं वाटत होतं की मागं वजन आहे. मी स्वतःला सांगत होतो, दत्तू, तेल आहे ते. तूच भरलंस. न्हावऱ्याच्या अलीकडे पाय मोकळे करायला थांबलो, उतरलो आणि पाठ करून उभा राहिलो. मागं सीटनं श्वास सोडला. मला सगळं ठाऊक होतं, भोकं किती, तेल कसलं, स्प्रिंगला वेटोळी किती, आणि तरी माझे पाय जागचे हलेनात.

तेवढ्यात ज्वारीतून शेकोटीचा धूर घेऊन एक बाई बाहेर आली. पदरात गरम हुरडा. माझ्या ओंजळीत तिनं एक पसा टाकला आणि दुसरा हातात धरून ठेवला.

"ह्यो तुमचा," ती म्हणाली. "आन् ह्यो सिस्टरबाईंचा. माझ्या लेकीला त्यांनीच सोडवली मागल्या साली. कुठं गेल्या? आत्ता तर मागं बसल्या व्हत्या की."

तिला करुणाबाई गेल्याचं कळलेलं नव्हतं. गाडी ओळखीची, गाडीवर दोघं असायचे, आणि धुक्यात माणूस डोळ्यांपेक्षा सवयीनं जास्त बघतो. हे मी आज लिहितोय. तेव्हा हे काही सुचलं नाही. "पुढं गेल्यात," एवढंच म्हणालो. तिनं तो दुसरा पसा माझ्या रुमालात बांधून दिला, "मीठ लावलंय, गारठू देऊ नका" म्हणाली आणि धुक्यात शिरली. रुमाल मी मागच्या सीटच्या कडीला बांधला. खिशात ठेवायचं धाडस होईना. दौंडला पोचून बघतो तर गाठ सुटलेली आणि रुमाल मोकळा, एक दाणाही नाही. ताठ शॉकपवर काहीही सुटू शकतं. मी तो रुमाल पुन्हा वापरला नाही.

दौंडला पोचेपर्यंत ऊन आलं होतं आणि त्याबरोबर वासही. यार्डातली कोळशाची धूळ, वाफ, भीमेवरून येणारा ओला वारा, आणि या सगळ्यातून डाव्या खांद्यामागून येणारा तो घरगुती वास, न्हाऊन, वेणी घालून आलेल्या बाईचा. अंतोनमामा ड्यूटीवर होते, म्हणून मी त्या दिवशी त्यांच्या घरीच मुक्काम केला. सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी मामांनी शिकंज्यात स्प्रिंग दाबली, वरची टोपी फिरवली, नळी उलटी केली. काही पडलं नाही. त्यांनी आत बोट घातलं आणि पांढरा गोळा बाहेर काढला.

"अरे मिस्त्री, ये क्या है? शॉकपमध्ये साबण भरला काय तू?" ते मोठ्यानं हसले. नाकाशी नेला आणि हसायचे थांबले. मामांची बायकोही दोन वर्षांमागं गेलेली होती. ते गोळा फेकायला गेले तर मी त्यांचं मनगट धरलं. तंबाखूची रिकामी डबी होती, तिच्यात तो ठेवला. मामांनी डबीकडे बघितलं. "बाकीचं बी काढ," एवढंच म्हणाले आणि स्वतः काडीनं नळीच्या कडा खरवडून दिल्या.

मग कामाला लागलो. काम हाताशी असलं की भीती अंगाला चिकटत नाही. सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले. मामांनी दांडा लेथवर फिरवून ओरखडे घासून काढले. पुण्याचं सील बसवलं. उजव्या शॉकपातलंही जुनं तेल काढून दोन्हीकडे मोजून सारखं नवं भरलं, कारण एकाच वयाचं तेल दोन्हीकडे असलं तरच गाडी सरळ चालते. दांडा हळूहळू खालीवर करून आतली हवा काढली. शेवटचा बुडबुडा फुटला तेव्हा तसलाच एक श्वास ऐकू आला, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. चढवलं, आवळलं, सीट दाबली, सोडली. एका दमात वर. मामा म्हणाले, "फर्स्ट क्लास."

परतीच्या वाटेवर न्हावऱ्यापाशी मी मुद्दाम त्याच जागी थांबलो. उतरलो. सीट लगेच वर येऊन बसली. मागं कुणी नव्हतं. वास नव्हता, वजन नव्हतं. नुसती गाडी उभी होती. आणि मला त्या सबंध हंगामातली खरी भीती तिथं वाटली. येताना धुक्यात माझ्याबरोबर काहीतरी होतं, मग ते तेल का असेना. आता त्या रस्त्यावर मी एकटा होतो, आणि एका माणसाला असंच एकटं करायला निघालो होतो. शेकोटीच्या जागी राख होती. त्या बाईला खरं सांगावं म्हणून हाक मारली, कुणी ओ दिली नाही.

शिरूरला मास्तर माझ्या दुकानातच बसलेले होते. मी उतरलो. सीट वर आली. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा मोकळा हात गुडघ्यावर घट्ट झाला.

"काय निघालं?"

मी डबी त्यांच्या मांडीवर ठेवली. "मास्तर, खोबरेल हाय. मीच भरलं व्हतं, श्रावणात. माझ्या डब्यात पानी शिरलं व्हतं. सिस्टरबाईंनी त्यांच्या पेटीतनं बाटली काढून दिली. थंडीत थिजलं, म्हून शीट उशिरानं वर यायची. आन् तुमी पडला ते माझ्यापायी. मला पहिल्या दिशीच कळलं व्हतं."

हे सगळं मी त्यांच्या पायांकडे बघत बोललो. ते ओरडतील, रडतील, गाडी घेऊन निघून जातील, सगळ्याची तयारी होती. त्यांनी डबीवर हात ठेवला. मग म्हणाले, "तिनं दिलं? स्वतःच्या हातानं?"

"व्हय."

"तेव्हा काही म्हणाली?"

ही ती बजावलेली गोष्ट. चार महिने मी ती पोटात घेऊन हिंडत होतो आणि ती माझी नव्हतीच. "म्हनल्या, मिस्त्री, मास्तरांना आत्ता सांगू नका. असलं तेल घातलंय कळलं तर गाडीला जपत हळू चालवतील, आन् तिकडं बाई अडलीय. आठ दिसांनी मीच सांगेन त्यांना."

मास्तरांनी डबी उघडली. दुपारचं ऊन पत्र्याच्या फटीतून त्यांच्या मांडीवर पडलं होतं. पांढऱ्या गोळ्याची कड वितळून चकाकायला लागली आणि वास आला. माझ्या दुकानात, ग्रीस आणि रॉकेलच्या मधोमध.

"आठ दिवसांनी मीच सांगेन," ते हळूच म्हणाले, एकेक शब्द वेगळा. "हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं तिचं सगळं बोलून झालंय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दिवाळीपासून रोज सांगत होती, मिस्त्री. मीच भ्यायलो."

मी त्यांच्या पायाशी बसून रडलो. ते रडले नाहीत. त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि गाडीच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या शेजारी ठेवून दिली. हाड जुळल्यावर पुन्हा शाळांच्या फेऱ्या सुरू झाल्या. संक्रांत झाल्यावर एका सकाळी ते हवा भरायला आले, टांग पुढून काढून उतरले, हँडल धरून उभे राहिले. सीट केव्हाच वर येऊन बसली होती. तरी मी हवेचा पंप हातात घेऊन थांबलो. कशासाठी थांबलोय ते कळायला वेळ लागला. मी मोजत होतो. वर बघितलं तर मास्तरांचे ओठही हलत होते. सहा झाल्यावर त्यांनी हात पुढं केला, पेटी घ्यायला करायचे तसा, आणि मग गाडी स्टँडवर घेतली.  थंडी सरली, ज्वारी निघाली, धुकं गेलं.

सून मघाशी सांगून गेली, आबा, तेल वितळलं, बाटली आत ठेवू का? मी म्हटलं, राहू दे थोडा वेळ. नातू मला त्याच्या नव्या गाडीवरून बाजारात नेतो. मी उतरलो की तो लगेच गाडी वळवायला बघतो आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवतो. त्याला वाटतं, म्हाताऱ्याचे गुडघे आखडलेत. मी मागच्या सीटकडे बघत नाही. नुसता उभा राहून सहापर्यंत मोजतो, आणि मग त्याला म्हणतो, हां, आता वळव.